पदवी मोडली; प्रश्न मात्र रुग्णासोबत घरी गेला

डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांना बजावले की एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका, ही पदवी आता मान्य नाही. थोड्याच दिवसांत त्याच आयोगाला चिकित्सा-मानसशास्त्र आणि मनोविकार-समाजकार्य या दोन विषयांतील एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली. या माघारीला औदार्य म्हणण्याचे कारण नाही. नियम करताना ही पदवी केवळ पीएच.डी.ची पायरी मानली गेली. पुनर्वसनाच्या क्षेत्रात तीच रुग्णसेवेचा परवाना होती आणि संशोधनाचा पहिला धडाही, हे हिशेबात आलेच नाही.

बेंगळुरूत हा प्रश्न कागदावरचा नाही. येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि १९७४ मध्ये जुन्या मनोरुग्णालयाशी एकरूप होऊन ती निम्हान्स बनली. देशातील चिकित्सा-मानसशास्त्राचे शिक्षण याच आवारात आकाराला आले. याच संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले की निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत. एवढी दरी समोर असताना मनुष्यबळ घडवणारी वाट आधी बंद करायची आणि पर्यायी वाट मागाहून शोधायची, याला धोरण म्हणत नाहीत.

तरीही एम.फिल.साठी नुसता गळा काढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुनर्वसनशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधाचा ठरलेला साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. मोजके रुग्ण घ्यायचे, काही आठवड्यांचे व्यायाम द्यायचे, आधीचे आणि नंतरचे गुण मोजायचे आणि आकडा अनुकूल आला की बांधणीला द्यायचे. रुग्ण घरी गेला की प्रबंध संपतो. पुनर्वसनाची खरी परीक्षा मात्र तेथेच सुरू होते. जिना चढता येतो का, कामावर परतता येते का, शेजारी बोलतात का, यांची उत्तरे वॉर्डात सापडत नाहीत.

मोजण्याची साधनेही बहुधा उसनी असतात. दैनंदिन स्वावलंबन मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो उपयुक्त आहेच. पण मांडी घालून बसता येते का, उकिडवे बसता येते का, हे तो विचारत नाही. १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाय घडवला, तो नेमका हाच प्रश्न धरून. अनवाणी चालणारा, जमिनीवर बसणारा, चिखलात उतरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. संशोधनाचे पहिले शिक्षण हेच असते. प्रश्न आपल्या अंगणातून उचलावा लागतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे. देशाला आधी उपचारक हवेत, संशोधक नंतर पाहू. हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो, पण घातक आहे. उपचारक कमी असल्यामुळे पक्षाघाताच्या रुग्णाचे व्यायाम कुटुंबीयांनाच शिकवावेत, ही कल्पना कोणालाही पटेल अशी होती. अटेंड या चाचणीने भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ती तपासली. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आला की सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडला नाही. उलट स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवरील कोप्सी चाचणीत, जिचे एक केंद्र साताऱ्यात होते, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या साहाय्याने माफक का होईना, पण सुधारणा दिसली. दोन्ही कल्पना ऐकायला सारख्याच गोड होत्या. चाचणी झाली नसती तर कोणती कामाची आणि कोणती नाही, हे कळले नसते. संशोधनाविना वाढवलेली उपचारकांची फौज निरुपयोगी उपचारही तितक्याच निष्ठेने करत राहील.

आणि ‘फरक पडला नाही’ हे उत्तर निर्भयपणे लिहायला शिकवणे हाच तर संशोधन-शिक्षणाचा गाभा आहे. जो विद्यार्थी प्रतिकूल निष्कर्षाला नापासाचा शिक्का समजतो, त्याला पदवी मिळाली तरी शिक्षण मिळालेले नसते.

म्हणून नव्या रचनेकडून केवळ नव्या नावाची पाटी मागून भागणार नाही. रुग्णसेवेचा परवाना आणि संशोधनाची पदवी यांचे नाते स्पष्ट झाले पाहिजे, म्हणजे एकीवर घाव घातला की दुसरी कोसळणार नाही. प्रत्येक प्रबंधात रुग्ण घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा असला पाहिजे. तो एका विद्यार्थ्याच्या मुदतीत बसत नसेल, तर पुढच्या तुकडीने तोच अभ्यास हाती घ्यावा. मोजमापाची साधने कन्नड, मराठी बोलणाऱ्यांसाठी नुसती भाषांतरित न करता त्यांच्या जगण्यावर पारखून घ्यावीत. संशोधनाचा प्रश्न ठरवताना अपंग व्यक्ती समितीत असाव्यात, केवळ नमुन्यात नव्हे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. त्या दारातून नोकरीत असलेल्या अनुभवी उपचारकालाही आत येता आले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्या आयुष्याविषयीचे ज्ञान दोन वर्षांच्या प्रबंधात गुंडाळून कपाटात ठेवणारी व्यवस्था एम.फिल.च्या नावाने चालो वा दुसऱ्या कोणत्या, ती बदललीच पाहिजे. पदवीचे नाव आयोगाने ठरवावे. तिच्या किमतीचा निवाडा मात्र घराचा उंबरठा पुन्हा ओलांडू पाहणारा रुग्णच करील.