तिसरा सिलिंडर
पेट्रोल गाडी चढावर गचके देऊ लागली, की गॅरेजवाला बॉनेट उघडण्याआधीच म्हणतो, ‘मिसिंग आहे, चारही प्लग बदलू.’ थांबवा त्याला. स्कॅनरवर पी०३०३ आला, तर तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही, एवढंच कळतं. का, ते नाही. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल, तर तिसऱ्याची पहिल्यावर चढवा, कोड पुसा, चक्कर मारा. आता पी०३०१ दिसला, तर कॉइलच गेलेली. कोड तिसऱ्यावरच अडला, तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. ही फुकटची तपासणी टाळून नवे पार्ट विकणं मला तरी लबाडी वाटते. मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो महागडा डबा आतून वितळू शकतो.