चकती कोण विकत घेतो?

उज्जैनमध्ये 2028च्या सिंहस्थाची कामे चालू आहेत, आणि अशा कामांत दगड, सळया, फरशा कापणाऱ्या कटरला उसंत नसते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, तेव्हा पाथरवटाच्या हाती छिन्नी-हातोडा होता. आजच्या कारागिराच्या हातातली 4 इंची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते. तिची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. तुकडा उडाला तर डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही. म्हणून अपघातानंतर ‘कामगारच निष्काळजी’ असे म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. चकती कितपत सुरक्षित, हे बरेचसे ती फिरण्याआधीच ठरलेले असते, आणि ते ठरवतो ती विकत घेणारा.

धातू कापायच्या चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात, मधल्या कड्यावर वापराची मुदतही असते. ती साधारण तीन वर्षांची. आतली राळ ओल धरली की कमजोर होते. ओल्या वाळूवर पडून राहिलेली चकती वरून धडधाकट दिसते. तिचा दोष अनुभवी नजरेलाही कळत नाही. त्याहून घातक चूक म्हणजे खोल काप हवा म्हणून गार्ड काढून लहान यंत्रावर 7 इंची चकती चढवणे. तिची मर्यादा सुमारे 8,500 फेऱ्यांची, यंत्र तिला 11,000ने फिरवते. लाकडाची दातेरी चकती ग्राइंडरवर लावली, तर ती अडकताच यंत्र अंगावर उसळते.

गार्डमुळे रेघ दिसत नाही, काम रेंगाळते, ही कारागिरांची तक्रार खोटी नाही. पण तिचे उत्तर मोठे यंत्र देणे हे आहे. गार्ड काढणे नव्हे. खर्चाचा आक्षेप तर टिकतच नाही, कारण लहान चकतीची किंमत दिवसाच्या मजुरीपुढे किरकोळ आहे. मात्र तीच चकती कामगाराने पदरच्या पैशाने आणायची असेल, तर तो ती शेवटच्या बोटभर उरेपर्यंत वापरणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

धुळीचेही तसेच. वालुकाश्म कोरडा कापला की सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. माळव्यातल्याच मंदसौरमध्ये पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिसने इतके ग्रासले की मध्य प्रदेशाला 1982 साली त्यांच्या कल्याणनिधीसाठी कायदा करावा लागला. पाणी सोडून कापले की धूळ बसते. पण त्यासाठी ओल्या कामाचेच यंत्र हवे, साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतणे म्हणजे शॉकला आमंत्रण.

म्हणून चकत्या, गार्ड, चष्मे, मास्क आणि पाण्याचे कटर यांचा खर्च निविदेत स्वतंत्र कलम म्हणून दाखवला जावा, म्हणजे तो कापून कोणालाही दर पाडता येणार नाही. सिंहस्थाची कामे देणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे कलम पुढच्या निविदेपासूनच घालावे.