क्रेनिओसॅक्रल थेरपी : प्रशिक्षणातील तफावत आणि आमच्या मागण्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
प्रत : मा. प्रबंधक, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद

विषय : क्रेनिओसॅक्रल थेरपी करणाऱ्यांसाठी किमान पात्रता ठरविण्याबाबत.

महोदय,

राज्यातील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. डोकेदुखी, मानदुखी, निद्रानाश, तान्ह्या बाळाचे सततचे रडणे अशा तक्रारींसाठी लोक क्रेनिओसॅक्रल थेरपीकडे, म्हणजे डोके व पाठीच्या कण्यावर हलका स्पर्श करून होणाऱ्या उपचाराकडे, वळतात. पाटीवरचे नाव एकच. त्यामागचे शिक्षण मात्र कुणाचे अनेक वर्षांचे, तर कुणाचे चार दिवसांचे. रुग्णाला हा फरक कळण्याची आज कोणतीही सोय नाही.

पार्श्वभूमी

ही पद्धत अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीतून, म्हणजे हाडे व स्नायू हाताने हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीतून, निघाली. विल्यम सदरलँड यांनी कवटीची हाडे सूक्ष्मपणे हलतात असे मांडले आणि १९३९ मध्ये ‘द क्रेनिअल बाउल’ प्रसिद्ध केले. पुढे जॉन अपलेजर यांनी १९८५ मध्ये फ्लॉरिडात संस्था काढली आणि ऑस्टिओपॅथ नसलेल्यांनाही हे तंत्र शिकवले. तिथून प्रशिक्षणाच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक डॉक्टर होण्यासाठी चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि पुढे निवासी प्रशिक्षण लागते. क्रेनिओसॅक्रल थेरपीच्याच बायोडायनॅमिक नावाच्या शाखेची उत्तर अमेरिकेतील संघटना सुमारे ७०० तासांचे प्रशिक्षण मागते. अपलेजर पद्धतीत सुरुवात काही दिवसांच्या कार्यशाळेने होते. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथला नोंदणी सक्तीची आहे. क्रेनिओसॅक्रल थेरपिस्टची नोंदणी मात्र ऐच्छिक आहे.

नुसते तास वाढवून प्रश्न सुटणार नाही. एकाच रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवून वेगवेगळ्या तपासनिसांनी मोजलेली, या थेरपीचा आधार मानली जाणारी ‘लय’ जुळत नाही, असे १९९४ आणि १९९८ च्या अभ्यासांत आढळले. उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावाही कमकुवत आहे. म्हणून आमचा भर रोग ओळखण्याच्या शिक्षणावर आहे. या थेरपीतील स्पर्श अवघा पाच ग्रॅम दाबाचा सांगितला जातो. त्यामुळे खरा धोका दाबात नसून वेळ वाया जाण्यात आहे. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, सोबत उलटी आणि ताठलेली मान घेऊन आलेल्या माणसाला टेबलावर न झोपवता थेट इस्पितळात पाठवावे लागते. ताप असलेल्या बाळाची टाळू फुगलेली दिसली, तर तिथे क्षणाचाही उशीर चालत नाही. भौतिकोपचाराच्या पदवी (बीपीटी) अभ्यासक्रमात आणि त्यातील इंटर्नशिपमध्ये धोका ओळखणारी ही नजर तयार होते. चार दिवसांत ती होणे शक्य नाही.

मागण्या

१. रुग्णावर ही थेरपी करणाऱ्याकडे वैद्यक, भौतिकोपचार किंवा तत्सम मान्यताप्राप्त शाखेची पदवी आणि संबंधित परिषदेची नोंदणी असावी. नोंदणी नसेल, तर चूक झाल्यावर दाद कुणाकडे मागायची?

२. शरीररचना, धोक्याची लक्षणे, उपचार कधी करू नयेत, रुग्णाला पुढे कधी पाठवावे आणि रुग्णाची संमती, हे विषय प्रत्येक प्रशिक्षणात सक्तीचे करावेत. त्यांची परीक्षा संस्थेबाहेरच्या परीक्षकाने घ्यावी.

३. दवाखान्यात मूळ पदवी, नोंदणी क्रमांक आणि या थेरपीच्या प्रशिक्षणाचे एकूण तास मराठीत, दर्शनी भागी लावणे बंधनकारक करावे. पैसे देण्याआधी हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे.

४. एक वर्षाखालील बाळावर बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीशिवाय आणि लेखी चिठ्ठीशिवाय उपचार करण्यास मनाई असावी. बाळ आपले दुखणे सांगू शकत नाही.

५. स्वमग्नता किंवा अपस्मार बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कारवाई व्हावी. अशा दाव्यांवर विसंबून चालू गोळ्या बंद केल्या, तर अपस्माराचे झटके पुन्हा येऊ शकतात.

६. सध्या व्यवसाय करणाऱ्यांना पात्रता पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांची मुदत द्यावी. प्रामाणिकपणे शिकू इच्छिणाऱ्यांची रोजीरोटी एका आदेशाने जाऊ नये.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या अनुसूचीत भौतिकोपचार आहे, क्रेनिओसॅक्रल थेरपी नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी शासनाने परिषदेचे सदस्य, बालरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, थेरपीचे प्रशिक्षक आणि रुग्णांचे प्रतिनिधी यांची समिती नेमावी व तिचा अहवाल सहा महिन्यांत जाहीर करावा. समितीला लागेल ते साहाय्य आम्ही विनामोबदला करू. रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याची पात्रता रुग्णाला आधी कळलीच पाहिजे. शासनाने याबाबत त्वरित निर्णय घ्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सरचिटणीस व कार्यकारिणी सदस्य