मंजुळे अतिरंजन करतात?

‘नागराज मंजुळे चित्रपटांत जात ओढून आणतात, अतिरंजन करतात,’ हा आक्षेप इतिहासासमोर टिकत नाही.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत जमावाने एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या केली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही.

आता मंजुळेंची शैली पाहा. ‘फँड्री’त (२०१३) महापुरुषांची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून मेलेले डुक्कर वाहून नेले जाते. ‘सैराट’मध्ये (२०१६) हत्या घडताना दिसत नाही, दिसतात बालकाची रक्ताळलेली पावले, तीही निःशब्द.

खैरलांजीच्या निकालात जे मावले नाही, ते हा कॅमेरा संयमाने नोंदवतो. त्याला अतिरंजन म्हणणाऱ्यांनी आधी खैरलांजी वाचावी.