पोचलं, पण सांगितलं का?

जुहू चौपाटीवर संध्याकाळी सहाच्या सुमारास जरा कान देऊन बसा. कॉलेज सुटल्यावर आलेले पाच-सहा जणांचे घोळके सगळीकडे असतात. त्यातली एखादी सांगायला लागते, "अगं, रविवारी आम्ही माळशेजला गेलो ना, तिथे..." आणि दुसरी लगेच म्हणते, "हो, स्टेटस बघितलं मी." झालं, गोष्ट तिथेच संपली. गाडी कुठे बंद पडली, ओल्या कपड्यांनी कुणाच्या पडवीत बसून चहा प्यायला, परतताना कोण कोणाशी भांडलं, हे सगळं पोटातच राहतं. कारण फोटो आधीच पोचलेले असतात.

मला वाटतं, पोचवणं आणि सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम फोन इतकं चोख करतो की दुसरं आपण करायचंच सोडत चाललोय. मैत्रीत त्यानं बिघडतं ते निदान जाणवतं तरी. अभ्यासात जे बिघडतं ते परीक्षेच्या हॉलमध्ये बसेपर्यंत कळत नाही.

गंमत म्हणजे पोचवण्याच्या वेगाचा एक मोठा टप्पा याच जुहूत उतरलाय, अगदी शब्दशः. चौपाटीपासून जवळच जो विमानतळ आहे, जिथून आता मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात, तिथे १५ ऑक्टोबर १९३२ला २८ वर्षांच्या जेआरडी टाटांनी कराचीहून आणलेलं पस मॉथ जातीचं छोटं विमान उतरवलं. विमानात होती डाक, साधारण २५ किलो. विलायतेची डाक तोवर विमानानं कराचीपर्यंत येत होती, पुढचा प्रवास आगगाडीनं. वाटेत अहमदाबादला जेआरडी इंधनासाठी थांबले, तर इंधनाचे डबे आले बैलगाडीतून! विमानात रेडिओ नव्हता. जुहूला विमानतळ म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात मैदानात पाणी भरायचं, मग मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा. इथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट डाक घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. एअर इंडियाची सुरुवात ती हीच.

डाक लवकर पोचायला लागली, पण पत्र लिहिणाऱ्याचं काम त्यानं रतीभरही कमी झालं नाही. त्याला बसून ठरवावंच लागायचं की गेल्या पंधरा दिवसांतलं काय लिहायचं, कुठून सुरू करायचं, काय गाळायचं. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यालाही यातून सुटका नव्हती. गिरणगावात राहणारा रत्नागिरीचा चाकरमानी पत्र लिहून घ्यायला कुणाकडे तरी जायचा. जीपीओसमोर असे पत्रलेखक पुढे कितीतरी वर्षं बसत होते. तिथेही तोंडानं सांगावं लागायचंच: बायकोला काय कळवायचं, आईला काय, आणि परक्या माणसासमोर काय बोलायचं नाही. तिकडे गावी ते पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. साने गुरुजींनी पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रं पुढे 'सुंदर पत्रे' म्हणून छापली गेली. आपल्या काकांकडून टपालानं अख्खी शाळा घरी येतेय, असा तो प्रकार होता. त्या पत्रांत माहिती आहेच, पण एका ठरावीक मुलीला समजेल अशी ती रचलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, झालं सुरू, 'आमच्या वेळी' पुराण. नाही. त्या काळाचे गोडवे गायची मला अजिबात हौस नाही. मुलीला आलेलं पत्र आधी सगळं घर वाचायचं. गावाकडचं माणूस गेल्याची बातमी दहावा उलटून गेल्यावर कळायची. आज हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीच्या हातातला फोन ही कदाचित तिची आयुष्यातली पहिली खासगी जागा असते. ती कुणी काढून घ्यायची भाषा केली तर मी तिच्या बाजूनं भांडेन. आणि व्हिडिओ कॉलनं काय केलंय ते बघायचं असेल तर लोकलच्या डब्यात फोन समोर धरून खुणांच्या भाषेत गप्पा मारणारी कर्णबधिर मुलं बघा. हात, भुवया, चेहरा, सगळं कामाला लागलेलं असतं. वाशिंदपासून अंधेरीपर्यंत एकमेकांना नीट सांगणं चाललेलं असतं. म्हणजे दोष यंत्राचा नाही.

आता अभ्यासाकडे या. रात्री अकरा वाजता क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "ब्रेक-इव्हनचं तिसरं गणित कुणाला आलं?" दोन मिनिटांत तीन फोटो. एक वाकडा, एक अंधारात काढलेला आणि एक सीनियरच्या वहीतला, जो गेल्या कित्येक बॅचेस फिरतोय. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. विचारणारा ते उतरवून घेतो आणि झोपतो. यात कुणीच वाईट वागलेलं नाही, उलट मदतच केलीय. पण ज्याला येत होतं त्याला सांगावं लागलं नाही आणि ज्याला येत नव्हतं त्याला आपण नेमके कुठे अडलोय हे कळलं नाही.

तेच त्यानं एखाद्याला कॉल केला असता तर? समोरचा म्हणाला असता, "हे बघ, चौपाटीवर भेळेची गाडी टाकलीस समज. जागेचं भाडं आणि पोऱ्याचा पगार धरून महिन्याला ३०,००० जाणारच, एकही प्लेट विकली नाहीस तरी. प्लेट ५० रुपयांना. चुरमुरे, कांदा, चटण्या धरून खर्च २०. म्हणजे प्लेटमागे सुटतात ३०. ते ३०,००० भरून काढायला किती प्लेटी लागतील?" "हजार." "हां, तोच ब्रेक-इव्हन." इथवर सोपं आहे. मग विचारणाऱ्याच्या डोक्यात येतं, "आणि एक हजार एकावी प्लेट विकली की ते ३० अख्खे माझे? त्यातून परत भाडं नाही कापायचं?" आता सांगणारा थबकतो. सूत्र पाठ होतं, हा प्रश्न पाठ नव्हता. दोन क्षण विचार करून तो म्हणतो, "नाही रे, भाडं तर पहिल्या हजारातच फिटलं ना!" स्थिर खर्चाला स्थिर का म्हणतात ते त्या दोन क्षणांत दोघांनाही कळलेलं असतं. उत्तराच्या फोटोत हे दोन क्षण येत नाहीत.

यावर हल्ली एक उत्तर तयार असतं: "मी चॅटजीपीटीला विचारतो, तो कितीही वेळा समजावतो." खरंय. कधीकधी वर्गातल्यापेक्षा बरंही समजावतो, शिवाय वैतागत नाही. जरूर विचारा. फक्त एवढं बघा, तिथे सांगण्याचं काम कायम तोच करतो. तुम्ही "ओके, समजलं" म्हणालात की तो ते खरं मानतो. मैत्रीण मानत नाही. ती तुमचा आवाज ऐकून म्हणते, "काय समजलं? सांग बघू."

पण कॉल कुणी करत नाही. आधी मेसेज येतो, "कॉल करू का?" न विचारता थेट फोन आला तर पोटात गोळाच येतो, काय झालं, कोण गेलं? पूर्वी तार आली की घराघरात हेच व्हायचं. तारवाल्याची सायकल थांबली की ती उघडायच्या आधीच रडारड सुरू. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली आणि तिची ही जागा आता चक्क साध्या फोन कॉलला मिळालीय! बोलण्यात अडखळलो तर ते खोडता येत नाही, टाइप केलेलं खोडता येतं, म्हणून टाइप करणं बरं वाटतं. हे मी समजू शकते. पण अडखळण्याची सवयच गेली की तोंडी परीक्षेत, मुलाखतीत आणि एखाद्याला "तुझं वागणं मला लागलं" हे सांगताना काय करणार? अशी वाक्यं टाइप करून पाठवल्यामुळे तुटलेल्या मैत्र्या तुमच्याही माहितीत असतील.

सांगण्याची कला ज्यांच्याकडे अजून शाबूत आहे त्यांच्याशी आपण कसं वागतो तेही बघा. चिपळूणला किंवा जालन्याला असलेली आई व्हॉइस मेसेज पाठवते, चार मिनिटांचा. तिला मराठी टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे ती बोलते. शेजारच्यांच्या म्हशीपासून सुरुवात, मग लाइट गेली होती, मग मावशीचं लग्नाचं बोलावणं, मधेच कुकरची शिट्टी. आणि तिसऱ्या मिनिटाला, त्याच सुरात, "अगं, डॉक्टरांनी बाबांच्या काही तपासण्या सांगितल्यात, तसं काही नाहीये." २०२१मध्ये व्हॉट्सअॅपवर असे मेसेज दीडपट, दुप्पट वेगानं ऐकायची सोय आली. लेक्चरच्या रेकॉर्डिंगला ती ठीक असेल. आईला मात्र आपण प्लॅटफॉर्मवरून पळता पळता दुप्पट वेगानं ऐकतो आणि अंगठ्याचं चित्र पाठवतो. तिनं ते वाक्य मुद्दाम म्हशीनंतर आणि लग्नाआधी कुठेतरी खुपसलेलं असतं, तुम्ही घाबरू नये म्हणून. दुप्पट वेगात तिचा किंचित बदललेला आवाज ऐकू येत नाही. शब्द तेवढे पोचतात. "तसं काही नाहीये" म्हणजे 'तसं काहीतरी आहे', हे ज्यानं ओळखायला हवं, त्यानं ते चर्नी रोड ते मरीन लाइन्सच्या दरम्यान उरकलेलं असतं.

यावर फोन बंद ठेवण्याचे वगैरे उपास मला पटत नाहीत. उपास सुटला की माणूस दुप्पट खातो. त्यापेक्षा एक छोटी गोष्ट करून बघता येईल. ग्रुपवर गणिताचा फोटो टाकलात की खाली एक ओळ टाका: "अडलं तर कॉल कर, साडेबारापर्यंत जागी आहे." एकशेऐंशी जणांचा ग्रुप म्हणून घाबरू नका, एकशेऐंशी फोन येणार नाहीत. दोघं-तिघं करतील. त्यातला एखादा भेळेच्या गाडीवरून अशी काही शंका काढेल की तुमचीच झोप उडेल आणि रात्री एक वाजता तुम्हीच तिसऱ्या कुणाला तरी फोन लावाल.