नव्या पिकअपचे दुखणे आणि आपली सही

मंडळाच्या कार्यालयात येणाऱ्या तक्रारी पूर्वी ठरलेल्या असत. शाळेची गळकी इमारत, उताऱ्यावरची भाषा, पाटीचा वाद, रेशनकार्डावर चुकलेले नाव. त्यांत आता नव्या पिकअप गाडीच्या इंजिनाची भर पडली आहे. सहा-आठ महिन्यांपूर्वी हार घालून, नारळ फोडून घरी आणलेली गाडी महिन्यातून दोनदा सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी राहते आणि मालक दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घेऊन भाजी पोचवतो. हा आपला विषय नव्हे असे काही ज्येष्ठ सभासदांचे मत पडले. आमचे मत वेगळे आहे. बेळगाव तालुक्यात, खानापुरात आणि चंदगडच्या सीमेलगतच्या गावांत नोकरीची आशा सोडून देऊन किती मराठी तरुणांनी गाडीवर संसार उभा केला आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा विषय आपलाच वाटेल. बेळगावची भाजी रात्रीत चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बाजारात पोचते, ती याच गाड्यांतून. गाडी थांबली की कोबी सडतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

तक्रारीचे स्वरूप बहुतेक ठिकाणी एकच दिसते. समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागतो, गाडी चढावर ओढत नाही, वेग वाढता वाढत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडतात, तासभर गाडी जागेवर जोरात चालवतात, दिवा विझतो आणि मालक घरी येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्या खेपेला काउंटरवरचा माणूस सांगतो, "तुमची गाडी चालवायची पद्धत चुकीची आहे."

या उत्तरात काही तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आली. तिला डी.पी.एफ. म्हणतात. अडकलेली काजळी जाळून टाकण्याचे काम गाडी स्वतःच करते. त्यासाठी जादा डिझेल सोडून जाळीजवळची उष्णता सहाशे अंशांच्या आसपास न्यावी लागते, आणि हे काम पुरे व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटे एका दमात, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. शेतातून भाजी मार्केट, मार्केटच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर, तिथून परत घरी, असा ज्याचा दिवस जातो त्याच्या गाडीला ही सवड मिळतच नाही. जळण्याचे काम दर वेळी अर्धवट राहते, काजळी साचत जाते आणि शेवटी इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी आपली ताकद कमी करते. अर्धवट जळणातले डिझेल तेलात उतरते ते वेगळेच. ऑइलची कांडी काढून पाहिली आणि ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर आनंद मानू नये. ते ऑइल पातळ झाले आहे आणि बेअरिंगला खाणार आहे.

हे सगळे गाडी विकताना सांगितले पाहिजे की नाही? आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या शेतकऱ्याला ही गाडी देताना विक्रेत्याने वजन किती पेलते ते सांगितले, हप्ता किती बसतो ते सांगितले, सीटचे कव्हर फुकट दिले. आठवड्यातून एकदा गाडी हमरस्त्यावर पळवावी लागेल, जाळीला चालणारे कमी राखेचे ऑइलच घालावे लागेल, दिवा लुकलुकताना गाडी बंद करू नये, हे मात्र जाडजूड इंग्रजी पुस्तिकेच्या कुठल्याशा पानावर राहिले. त्या पुस्तिकेचे प्लास्टिकही पुष्कळांनी फाडलेले नसते. मग "तुमची पद्धत चुकीची" हे वाक्य चौथ्या खेपेला कसे काय सुचते?

आता दुसरी बाजू पाहा. जी गाडी रोज रात्री गोव्याला जाते, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरांहून जास्त पळते, भरल्या वजनाने चढाव चढते, तिची जाळी अपुऱ्या पळण्याने भरली असे म्हणता येत नाही. तिच्यातही तोच दिवा वरचेवर लागत असेल, तर काजळी मुळात जास्त तयार होते आहे. एखादा इंजेक्टर गळत असेल, धूर परत फिरवणारा ई.जी.आर. व्हॉल्व्ह अडकत असेल, टर्बोतून ऑइल जात असेल, नाहीतर जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर किंवा त्याची नळीच खराब असेल. गटार तुंबले म्हणून दर आठवड्याला गटारच उपसत बसायचे आणि वरून कचरा कोण टाकतो ते बघायचे नाही, असा हा प्रकार आहे. अशा मालकाने सर्व्हिस सेंटरला एकच प्रश्न विचारावा आणि तो लेखी विचारावा : जाळी का भरते?

लेखी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कार्यालयात आलेल्या एका सभासदाची गाडी सात वेळा दुरुस्तीला गेली होती. त्याने सात जॉब कार्डे पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. चारांवर "जनरल चेकअप" एवढेच लिहिलेले. दोनांवर तक्रारीचा रकाना कोरा. सातही कार्डांवर खाली, बारीक छापील इंग्रजी ओळीखाली, त्याची स्वच्छ मराठी सही. ओळीचा अर्थ असा, की काम माझ्या समाधानाप्रमाणे झाले, माझी काही तक्रार उरलेली नाही. सात वेळा बिघडलेल्या गाडीचा मालक कागदोपत्री सात वेळा समाधानी झाला होता.

आपल्या माणसाला सही नाकारण्याचा संकोच वाटतो. समोरचा माणूस घाईत असतो, गाडी हवी असते, भाजी भरायची असते. पण आपल्या तक्रारीचे शब्द जॉब कार्डावर आल्याखेरीज किल्ली द्यायची नाही, आणि गाडी परत घेताना बिघाडाचा कोड, काय तपासले, काय बदलले, हे लिहून घेतल्याखेरीज सही करायची नाही. त्यांनी लिहिले नाही तर आपण आपल्या हाताने लिहावे : "तीच तक्रार पाचव्यांदा. गाडी चढावर ओढत नाही. दुरुस्तीचा दावा तपासून पाहणार." मराठीत लिहावे. मराठी अक्षरांनी कागद बाद होत नाही. पुढे दाद मागताना भाषांतर जोडावे लागेल इतकेच. त्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्यावा आणि त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करावा. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी हे पाच मिनिटांत करून देईल.

वॉरंटीबद्दल एक हिशेब. ती वर्षांत आणि किलोमीटरांत असते, आणि जे आधी संपेल ते खरे धरतात. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, महिन्याला पंचवीस फेऱ्या धरल्या, तर अठरा महिन्यांत लाखाचा आकडा पार होतो. कागदावरची तीन वर्षे गोव्याच्या फेऱ्या करणाऱ्याला दीड वर्षच पुरतात. "पुढच्या सर्व्हिसला बघू" या उत्तरावर तीन वेळा परत येणारा आपली वॉरंटी स्वतःच्या डिझेलने जाळत असतो.

ग्राहक आयोगाचे नाव काढले की दुसरे एक उत्तर तयार असते. पिकअप ही धंद्याची गाडी, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हे उत्तर ऐकून परत फिरलेले लोक आम्हाला भेटले आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (तो २० जुलै २०२० पासून लागू झाला) व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळतो हे खरे. पण स्वयंरोजगारातून केवळ आपले पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, असा खुलासा त्याच कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे जुन्या कायद्याखाली उलगडून सांगितले. स्वतः ट्रक चालवून पोट भरणारा ग्राहकच आहे, मदतीला एक-दोन माणसे घेतली तरी तो ग्राहकच राहतो, पण गाडी सर्वस्वी दुसऱ्यानेच चालवायची असेल तर नाही.

इथे आपल्या एकत्र कुटुंबांची एक गोची होते. आर.सी. वडिलांच्या किंवा थोरल्या काकांच्या नावावर, कर्ज आईच्या खात्यावर, आणि गाडी चालवतो धाकटा. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे, त्यामुळे बाजू अगदीच पडत नाही. तरी समोरचा वकील पहिला घाव इथेच घालणार. नवी गाडी घेणाऱ्यांनी जो चालवणार त्याच्याच नावावर ती घ्यावी. काकांचा मान राखायला दुसरे पुष्कळ मार्ग आहेत. आणि ज्यांच्या तीन-चार गाड्या पगारी ड्रायव्हरांवर फिरतात त्यांनी या कायद्याची फार आशा धरू नये. त्यांनी दिवाणी दाव्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

बाकी व्यवस्था वाटते तितकी अवघड नाही. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे होते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांसाठी चारशे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंद करावी. पुष्कळदा एवढ्यानेच कंपनीचा इंजिनिअर येऊन जातो. ऑनलाइन तक्रारीसाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आहे.

मात्र अपेक्षा जमिनीवर ठेवावी. एखादा भाग बिघडला म्हणून सगळी गाडी बदलून मिळत नाही. वॉरंटी भाग बदलण्याची असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले आहे. गाडीची किंमत परत मागायची तर दोष उत्पादनातला आहे हे सिद्ध करावे लागते, आणि ते स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीने होते. २०१० साली एका मोटारीच्या इंजिनाच्या आवाजाबद्दल त्याच न्यायालयाने अशी तपासणी करायला लावली आणि मूळचा दोष निघाल्यास पैसे परत करावेत असे ठरवले. आणखी एक निकाल आपल्या शेजारचा, गोव्यातला. जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून विकली गेली होती, तेव्हा विक्रेत्याच्या त्या कृत्याला उत्पादक जबाबदार नाही असे २०२१ साली ठरले. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही घालावे, आणि कोणी काय केले ते वेगवेगळे लिहावे.

दोन गोष्टी करू नयेत. पहिली, जाळी कापून रिकामी करणे. मिस्त्री हजारो रुपये घेऊन हे करतो आणि गाडी खरोखरच पळू लागते. पण वॉरंटी त्या दिवशी संपते, तक्रारीतला पुरावा भंगारात जातो, आणि गाडी बेकायदा होते. दुसरी, रागाने हप्ते थांबवणे. कर्ज फायनान्स कंपनीचे आहे, बिघाड इंजिनाचा आहे. ती कंपनी बिघाडाशी आपला संबंध नाही म्हणते आणि वसुलीवाले दारात उभे राहतात.

तिसरीही एक आहे, पण ती लोक आवडीने करतात. गाडीला गाढवे जुंपून वाजतगाजत शोरूमपर्यंत न्यायची. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो, चार पुढारी भेटून जातात, आणि गाडी तिथेच असते. मंडळाने असा मोर्चा काढावा अशी सूचना गेल्या बैठकीत आली होती. आम्ही तिला विरोध केला. मोर्चे आपल्याला नवे नाहीत; पण मोर्चात जॉब कार्ड कोणी वाचत नाही.

त्याऐवजी एक काम मंडळाने अंगावर घ्यावे. एकाच मॉडेलच्या, एकाच काळात घेतलेल्या गाड्यांना एकच दुखणे असेल, तर ते एकेकट्या ड्रायव्हरच्या पद्धतीचे नाही हे सांगायला सर्वांची कार्डे शेजारी शेजारी मांडणे पुरते. सारखे हित असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले असून ते १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय करणाऱ्या दोषाबद्दल पुरेशा मालकांनी तक्रार केली, तर सरकार ते मॉडेल परत बोलवायला लावू शकते. भरल्या गाडीची ताकद रात्री दोन वाजता घाटातल्या वळणावर जाणे हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नाही. पुरेसे मालक म्हणजे किती हे मॉडेलच्या खपावरून ठरते. एकट्यादुकट्याने ते होणारे नाही.

तेव्हा एप्रिल २०२० नंतर घेतलेली डिझेल पिकअप ज्यांच्याकडे आहे आणि जिला हा त्रास आहे, त्यांनी आर.सी., विक्रीची पावती, वॉरंटीचे पुस्तक, सगळी जॉब कार्डे आणि ऑइल-डिझेलच्या सापडतील त्या पावत्या यांच्या प्रती कार्यालयात आणून द्याव्यात. किती किलोमीटरला पहिल्यांदा दिवा लागला आणि गाडी रोज कुठून कुठे जाते, हे एका कागदावर लिहावे. कार्डे इंग्रजीत असोत की कन्नडमध्ये, वाचून सांगणारी माणसे संध्याकाळी सहानंतर कार्यालयात असतात. ज्यांनी आधीच सगळीकडे सह्या केल्या आहेत त्यांनीही यावे; पुढच्या खेपेच्या कार्डावर काय लिहायचे ते ठरवू.