गाडीची आंघोळ



यंदाचा हिवाळा एकदाचा सरला. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या दिसेनाशा झाल्या आणि आमच्या नायमेखनमध्ये शनिवार सकाळी जो तो आपापल्या गाडीकडे संशयाने बघू लागला. म्हणून या अंकात स्वयंपाकघर सोडून थेट दारात उभ्या असलेल्या गाडीकडे वळते. "गाडी धुवायची, त्यात लिहायचं काय?" असं आमच्या ह्यांनी विचारलंच. पण कबुतराची घाण काढायला ज्यांनी भांडी घासायची घासणी वापरली आणि बॉनेटवर कायमची रांगोळी काढून ठेवली, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये!

खरं सांगायचं तर मलाही हा विषय शिकवला तो दोन वडीलधाऱ्यांनी. २०१७ च्या मे महिन्यात माझे बाबा लातूरहून आमच्याकडे आले होते. मी दारात नळी लावून गाडीवर मस्तपैकी पाण्याचा फवारा सोडला होता. बाबा बाहेर आले, थोडा वेळ नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "अगं, एवढं पाणी कशाला सांडायलीस?" मी हसून म्हटलं, "बाबा, इथे पाण्याला काय तोटा! सगळा देशच पाण्यात आहे." ते काही बोलले नाहीत. आत जाऊन बसले.

मग माझ्या लक्षात आलं. आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्यांचे डबे होते, त्यात मिळून जवळजवळ पाच लाख लिटर पाणी. बाबांनी ते दिवस काढले होते. बागेतली नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज ओतते. म्हणजे मी वीस मिनिटांत दोन-तीनशे लिटर उडवलं होतं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

नळ बंद केला, तर शेजारचे डच आजोबा कुंपणाशी उभे. त्यांना पाणी किती गेलं याचं काही नव्हतं. ते साबणाचा फेस रस्त्याकडेच्या जाळीतून खाली जाताना पाहत होते. त्यांनी विचारलं, "हे कुठे जातं, माहीत आहे का?" मला वाटलं होतं, गटारात जातं आणि तिथून शुद्धीकरणाला. जुन्या वस्त्यांत बहुतेक तसंच असतं. पण नव्या वस्त्यांत पावसाचं पाणी वेगळ्या नळातून, काहीही शुद्ध न करता, थेट जवळच्या ओढ्या-तळ्यात सोडतात. आणि आपलं सगळं पाणी शेवटी पोचतं ते वाल नदीत. (वाल म्हटलं की आपल्याला डाळिंब्यांची उसळ आठवते, पण ही ऱ्हाइनचीच मोठी शाखा.) लेंटला बांध मागे सरकवून नदीला जो नवा प्रवाह काढून दिला, त्या स्पीखलवालच्या काठी उन्हाळ्यात आपलीच पोरं डुंबतात. गाडीच्या अंगावरून साबणाबरोबर तेल, टायरचा चुरा, ब्रेकची लोखंडी भुकटी असं सगळं वाहून जातं.

तर एक म्हणाले पाणी किती, दुसरे म्हणाले पाणी कुठे. या दोन प्रश्नांवरच आमच्या घरचा नियम ठरला: साबणाची आंघोळ वासबॉक्समध्ये, घरी फक्त पुसणं आणि आतली सफाई. वासबॉक्स म्हणजे नाणी टाकून आपणच गाडी धुवायची जागा. तिथलं पाणी गाळ आणि तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून जातं. रस्त्यावर गाडी धुण्याचे नियम गावागणिक वेगळे आहेत, आपल्या खेमेन्टेकडे विचारून घ्यावं. सीमेपलीकडे जर्मनीत तर कित्येक गावांत त्याला मनाईच आहे.

बाहेरून

आधी नुसत्या पाण्याने माती काढा. सहारातली तांबूस धूळ पावसाबरोबर पडते, ती कोरडी पुसलीत तर पॉलिश-कागद फिरवल्यासारखं होतं. फवाऱ्याचं तोंड एक वीतभर नव्हे, चांगलं हातभर लांब धरा. हिवाळ्यानंतर चाकांच्या वरच्या कमानी आणि गाडीचं पोट विसरू नका, मीठ तिथेच बसतं आणि गंज तिथूनच धरतो.

शांपू गाडीचाच घ्या. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढतो हे खरं, पण पुन्हापुन्हा वापरला तर त्याबरोबर मेणाचा थरही जातो. नेताना दोन बादल्या न्याव्यात (वासबॉक्सवाल्याची परवानगी असेल तर): एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शांपूत बुडवायचं, म्हणजे रेती परत गाडीवर येत नाही. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. कडक उन्हात धुऊ नये, साबण वाळून डाग राहतात.

पाखरांची घाण दिसली की त्याच दिवशी काढा, ती रंग खाते. ओला कागद पाच-दहा मिनिटं ठेवायचा आणि अलगद उचलायचा. लिंडन झाडाखाली गाडी लावलीत तर वरून चिकट थेंब पडतात, तो मावा किडीचा प्रताप. कोमट पाणी आणि शांपूने ते निघतात.

पुसायला मायक्रोफायबरचं फडकं. धुताना त्यात कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, धागे बुजतात आणि फडकं पाणी टिपेनासं होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करावी, पण हळदकुंकू रंगाऐवजी काचेवर लावावं, आणि झेंडूच्या हाराला तार नाही ना, हे बघावं.

आतून

आधी व्हॅक्यूम, मग ओलसर फडकं. हा क्रम उलटा केला की धुळीचा चिखल होतो. कुठलंही नवं औषध आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा.

आता आपला खास शत्रू: सहलीला नेलेल्या डब्यातली हळद! डाग घासायचा नाही, टिपायचा. साबण किंवा खायचा सोडा लावला की तो लाल होतो, घाबरू नका. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून टिपून झाल्यावर गाडी उन्हात उभी करा. इथे ऊन कधी पडेल, ते मात्र मी सांगू शकत नाही! दूध सांडलं तर गरम पाणी नको, गार पाण्याने टिपा, नाहीतर वास महिनाभर सोबत करतो.

डॅशबोर्डला चकचकीत करणारे स्प्रे मी सोडून दिले. त्यांची चमक पुढच्या काचेत उमटते. स्टिअरिंग आणि पेडलवर तर ते कधीच मारू नयेत, हातपाय घसरतात. पुढच्या काचेवर आतून धुरकट थर साचतो, तो महिन्यातून एकदा काढा. रात्री पावसात समोरून दिवे आले की त्याचं महत्त्व कळतं. पडद्यावर आणि बटणांवर द्रव थेट न मारता फडक्यावर घ्या. दारं उघडी ठेवून काम करा आणि ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

राहता राहिली घरची धूळ. बाबांनी त्याच आठवड्यात ह्यांच्याकडून छपराच्या नळाखाली पावसाच्या पाण्याचं पिंप बसवून घेतलं. पावसाचं पाणी मऊ असतं, क्षाराचे डाग पडत नाहीत. फडक्यातून गाळून अर्धी बादली घ्यायची, साबणाचा थेंब नाही, आणि आधी झारीने भिजवून मग पुसायचं. "आपल्याकडे असं पडलं असतं तर," एवढंच ते पिंप पहिल्यांदा भरलं तेव्हा म्हणाले.

अजूनही फोनवर नातवंडांची चौकशी झाली की त्यांचा दुसरा प्रश्न असतो, "पिंपात पाणी हाय का?" आणि मी खोटं न बोलता "आहे, बाबा" म्हणते.

हळदीच्या डागावर कुणाकडे याहून खात्रीचा उपाय असेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू. तोवर गाडी सांभाळून चालवा!